राजावरचं बलिदान: देण्याआधी काय बघायचं?

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका बुद्धिबळपटूने विचारलंय: "माझं रेटिंग १५००च्या आसपास आहे. मोबाइलवरची कोडी बऱ्यापैकी सुटतात, त्यातली बलिदानं पटकन दिसतात. स्पर्धेत मात्र एकतर ती सुचतच नाहीत, किंवा सुचली म्हणून उंट-घोडा दिला तर चार-पाच शह देऊन हल्ला विझतो आणि मी एक मोहरा कमी घेऊन बसतो. बलिदान जिंकून देणारं आहे की नुसतं देखणं, हे आधी कसं ओळखायचं?"

बरेच जण याला कल्पनाशक्तीचा प्रश्न समजतात. "मला विश्वविजेत्या टालसारखं सुचत नाही" असं म्हणून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. तुम्हाला कोड्यात बलिदान दिसतं, म्हणजे सुचण्याची ताकद आहेच. फरक एवढाच की कोडं समोर आलं तेव्हाच तुम्हाला कळलेलं असतं की इथे काहीतरी दडलंय. डावात तेवढंच कोणी सांगत नाही. एका डावातल्या चाळीस चालींपैकी कुठल्या चालीवर थांबून शोधायचं, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं. आणि सापडल्यावर "हे चालतं का" हेही तुम्हालाच तपासावं लागतं, कारण चूक झाली तर लाल फुली येत नाही, थेट डाव जातो. ही दोन्ही कामं कोडी शिकवत नाहीत. ती वेगळी शिकावी लागतात आणि शिकता येतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. रविवारच्या दहा-पंधरा मिनिटांच्या रॅपिडमध्ये समोरच्याला सलग चार अचूक बचावाच्या चाली शोधाव्या लागणार असतील, तर थोडं अर्धवट बलिदानही व्यवहारात जिंकतं. नव्वद मिनिटं आणि चालीमागे तीस सेकंद अशा डावात तोच माणूस शांतपणे वीस मिनिटं बसतो आणि त्या चाली शोधतो. मिखाईल टाल १९६० मध्ये बॉटविनिकला हरवून विश्वविजेता झाला. त्याच्या कितीतरी बलिदानांना नंतरच्या विश्लेषणात तोड सापडली, पण पटावर बसलेल्या माणसाला घड्याळाच्या टिकटिकीत ती सापडली नव्हती. तेव्हा "बरोबर" आणि "पुरेसं" यांत फरक असतो. तो फरक करायलासुद्धा आधी बरोबर काय ते कळायला हवं, म्हणून मी खाली खरोखर जिंकणाऱ्या बलिदानांबद्दलच लिहितो.

माझ्या राजारामपुरीतल्या वर्गात एक वाक्य सारखं ऐकू येतं, "सर, दिऊया की, बघू काय हुतंय!" या वाक्यातलं धाडस मला मनापासून आवडतं आणि ते मला मारायचं नाही. फक्त मी मुलांना उंटाला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायला लावतो: समोरच्याची शेवटची चाल झाली, तिने राजाजवळचं काय उघडं टाकलं?

बलिदानाची खूण बहुतेक वेळा तिथेच मिळते. (घराच्या नावात आधी उभ्या पट्टीचं अक्षर, ए ते एच, आणि मग पांढऱ्याच्या बाजूने मोजलेला ओळीचा आकडा, १ ते ८.) एफ६ वरचा घोडा उठून डी७ किंवा डी५ वर गेला. एफ८ वरचा हत्ती वजिराच्या बाजूला गेला. एच किंवा जी पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकलं. बचावाचा उंट बदलला गेला. यातली प्रत्येक चाल राजाभोवतीचं एखादं घर किंवा कर्ण राखणं सोडून देते. एफ६ चा घोडा हा तर कॅसलिंग केलेल्या, म्हणजे हत्तीच्या आड कोपऱ्याकडे नेलेल्या, काळ्या राजाचा सगळ्यात महत्त्वाचा पहारेकरी. तो एच७ राखतो आणि एच५, जी४ ही तुमच्या वजिराची घरंही राखतो. तो हलला की थांबा आणि शोधा. तो जागेवर असेल तर एच७ वरचं बलिदान सहसा नसतंच. मग तो घोडा बदलून घेणं किंवा ई५ वर प्यादं ढकलून त्याला हुसकावणं हे आधीचं काम.

दुसरी मोजणी माणसांची. राजाच्या बाजूला तुमचे किती मोहरे दोन चालींत पोहोचू शकतात आणि त्याचे किती बचावाला येऊ शकतात, हे मोजा. ज्याचं बलिदान देणार तो मोहरा तुमच्या हिशेबातून वजा करा. हे वजा करायलाच लोक विसरतात. दिल्यावर वजीर आणि आणखी एकच मोहरा उरत असेल, तर मात किंवा मात होण्याची थेट धमकी शेवटपर्यंत दिसल्याशिवाय मी देत नाही. वजीर आणि दोन मोहरे उरत असतील आणि तिसरा वाटेवर असेल, तर सगळं दिसलं नाही तरी मी गंभीरपणे विचार करतो.

आता एक बलिदान अगदी जवळून बघू, कारण सगळी पद्धत त्यात दिसते. एच७ वरचं उंटाचं बलिदान सतराव्या शतकातल्या इटालियन खेळाडू ग्रेकोच्या काळापासून नोंदलेलं आहे आणि आजही आपल्या स्पर्धांत लोक त्याला बळी पडतात. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, वजीर डी१ वर, दुसरा उंट सी१ वर आणि त्याचा कर्ण मोकळा, ई५ वर प्यादं. काळ्याचा राजा जी८, हत्ती एफ८, वजीर डी८, प्यादी ई६, एफ७, जी७, एच७ वर, ई७ चं घर रिकामं आणि एफ६ वर घोडा नाही. उंट एच७ चं प्यादं मारून शह देतो, राजा उंट खातो, घोडा जी५ वर येऊन पुन्हा शह देतो. काळ्याने वजिराने जी५ वरचा घोडा खाल्ला, तर सी१ चा उंट वजीर खातो आणि हिशेब सरळ पांढऱ्याच्या बाजूने जातो. नाहीतर राजाला तीन वाटा उरतात, आणि तिन्ही बघितल्याशिवाय उंटाला हात लावायचा नाही.

राजा जी८ वर परतला तर वजीर एच५ वर येतो. एच७ वर मात करायची धमकी आहे. हत्ती ई८ वर नेऊन राजाला वाट केली, तर वजीर एफ७ चं प्यादं खाऊन शह देतो, राजा एच८, वजीर परत एच५ शह, राजा जी८, वजीर एच७ शह, राजा एफ८, वजीर एच८ शह, राजा ई७, आणि वजीर जी७ वर मात. ही ओळ पटावर हाताने मांडून बघा. डोक्यात वाचून ती बसत नाही. मात का होते तेही बघा: ई५ चं प्यादं डी६ आणि एफ६ रोखतं, काळ्याचा स्वतःचा वजीर डी८ अडवतो, हत्ती ई८ अडवतो, आणि सातव्या ओळीवर पांढऱ्या वजिराचाच जोर आहे. म्हणजे ते ई५ चं साधं प्यादं या हल्ल्यातला अर्धा हिस्सा आहे.

राजा एच६ वर गेला तर सी१ चा उंट मागून बघतच असतो. घोडा एफ७ चं प्यादं खाऊन दुहेरी शह देतो आणि त्याच वेळी डी८ च्या वजिरावर येतो. वजीर जातो.

राजा जी६ वर आला तर खरी परीक्षा. इथे मात पाठ करून चालत नाही. साधारणपणे वजीर जी४ वर येतो, म्हणजे घोडा हलला की मागच्या वजिराचा उघडा शह बसतो. कधी एच पट्टीचं प्यादं दोन घरं पुढे करून एच५ चा शह तयार ठेवणं जास्त बळकट असतं, कधी वजिराचा डी३ वरून शह. कुठलं बरोबर, हे काळ्याचे बाकीचे मोहरे कुठे आहेत त्यावर ठरतं. मी मुलांना सांगतो, सगळ्यात जास्त वेळ या जी६ वर घालवा. समोरचा कसलेला असेल तर तो इथेच जाणार.

आता त्याच चित्रात एकेक गोष्ट बदला. ई५ चं प्यादं नसेल तर डी७ चा घोडा सरळ एफ६ वर येऊन वजिरावर हल्ला करतो आणि एच७ राखतो, बलिदान फसलं. ई६ चं प्यादं नसेल तर सी८ चा उंट एफ५ वर येऊन एच७ राखतो, फसलं. हत्ती आधीच ई८ वर आणि घोडा डी७ वर असेल तर घोडा एफ८ वर येऊन एच७ राखतो. एफ७ चं प्यादं तुम्हाला मिळतं, पण डाव लांबतो आणि खात्री राहत नाही. ई७ वर काळ्याचा उंट असेल तर तो जी५ चा घोडाच खाऊन टाकतो. तेव्हा तुमचं एच पट्टीचं प्यादं एच४ वर आणि मागे एच१ वर हत्ती असेल, तरच प्याद्याने खाऊन पट्टी उघडते आणि हल्ला चालतो. एका प्याद्याच्या किंवा एका घराच्या फरकाने तेच बलिदान जिंकतं किंवा हरतं. नमुना ओळखणं सोपं, ही बारीक चौकशी हीच खरी मेहनत. तुम्ही म्हणता तो "चार-पाच शह देऊन विझलेला" हल्ला मला न बघताही असाच वाटतो: नमुना बरोबर ओळखला, एक घर तपासायचं राहिलं.

तपासताना फक्त शहांच्या मागे लागू नका. नवे खेळाडू शह संपले की हल्ला संपला असं धरतात. जुन्या डावांकडे बघा. १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकन खेळाडू मॉर्फी ब्रन्सविकच्या ड्यूक आणि काउंट इसुआर यांच्याविरुद्ध खेळला. त्याने बी५ वर घोडा दिला, उंटाने शह दिला, आणि पुढची चाल? वजिराच्या बाजूला कॅसलिंग. शह नाही, मारामारी नाही, नवा हत्ती हल्ल्यात आणला. मग डी७ वर हत्ती दिला आणि पुन्हा शांतपणे दुसरा हत्ती डी१ वर आणला. शेवटी बी८ वर वजीर देऊन १७व्या चालीला हत्तीने मात. काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती पूर्ण डावात जागचे हललेच नाहीत. मघाशी सांगितलेली मोजणी हीच. पांढऱ्याच्या बाजूने सगळे कामाला लागलेले, काळ्याचे दोन मोहरे हजेरीलाच नव्हते.

आपल्या आनंदचा २०१३ मधला वाइक आन झी इथला अरोनियनविरुद्धचा डावही असाच. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याचे दोन्ही उंट पांढऱ्या राजावर लांब कर्णांवरून रोखलेले होते. अरोनियनचा घोडा एफ८ वरचा हत्ती खाऊन गेला, तरी आनंदने तो घोडा परत मारायची घाई केली नाही. एफ पट्टीतलं प्यादं एफ५ वर नेलं आणि हल्ल्याचा पाया पक्का केला. २३व्या चालीनंतर अरोनियनने डाव सोडला. हा डाव घरी मांडा आणि त्या प्याद्याच्या चालीपाशी थांबून स्वतःला विचारा, मी इथे काय खेळलो असतो? आपल्यातले बहुतेक जण तिथे हरवलेलं साहित्य परत मिळवायला धावले असते.

म्हणून हिशेब करताना शह संपतात तिथे एक प्रश्न विचारा: आता मी शांत चाल खेळलो तर समोरच्याकडे राजा सोडवायला वेळ आहे का? त्याचे मोहरे दूर असतील किंवा स्वतःच्याच प्याद्यांत अडकलेले असतील, तर शांत चाल शहापेक्षा भारी पडते.

आणि प्रत्येक जिंकणारं बलिदान मात होऊनच संपतं असं नाही, हे मनात पक्कं बसवा. पुढे विश्वविजेता झालेल्या लास्करने १८८९ मध्ये ॲम्स्टरडॅमला बाउअरविरुद्ध दोन्ही उंट दिले, एक एच७ वर, दुसरा जी७ वर. राजा उघडा पडला, हत्ती एफ३ वरून एच३ वर आला, आणि मात टाळायला बाउअरला हत्तीच्या बदल्यात वजीर सोडावा लागला. इथे हिशेब थांबवला तर चित्र मुळीच चांगलं नाही. लास्करकडे वजीर आणि हत्ती, काळ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट. पण लास्करने पुढे बघितलं होतं. वजीर डी७ वर गेला आणि काळ्याचे दोन्ही उंट एकदम माराखाली आले. एक उंट मिळाला आणि डाव जिंकला. दोन उंटांचं सगळं वैभव त्या एका साध्या दुहेरी हल्ल्यावर उभं आहे. तुमच्या ओळीच्या शेवटी मात दिसत नसेल तर घाबरू नका, पण तिथे पोहोचल्यावर मोहरे मोजा आणि सुटा पडलेला, न राखलेला मोहरा कुठे आहे ते बघा.

यातच एक उपयोगाची गोष्ट आहे. ओळीत कुठेतरी तुमच्या हातात सततचा शह असेल, म्हणजे हवं तेव्हा बरोबरी घेता येत असेल, तर बलिदानाचा धोका एकदम कमी होतो. मग पुढचं सगळं दिसलं नाही तरी मी देतो. वाईटात वाईट अर्धा गुण हातात आहे.

समोरचा बलिदान घेणारच असं गृहीत धरू नका. न घेतलं तर काय, ही ओळ माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या वहीत कोरीच असते. बहुतेक वेळा न घेतल्यावर तुम्हाला एक प्यादं फुकट मिळून हल्लाही राहतो, म्हणजे छानच. पण कधी मध्येच तो तुमच्या वजिरावर हल्ला करून एक चाल मिळवतो आणि सगळं कोसळतं. दोन मिनिटं त्यालाही द्या.

एच६ वर प्यादं गेलं असेल तर उंटाने एच६ मारायचं बलिदान थोडक्यात असं: प्याद्याने खाल्लं की वजीर एच६ वर येतो, पण तिसरा मोहरा, म्हणजे डी३ चा उंट, जी५ चा घोडा किंवा तिसऱ्या ओळीवरून येणारा हत्ती, तयार नसेल तर देऊ नका. जी६ खेळलं असेल तर घाई न करता एच पट्टीचं प्यादं ढकलून पट्टी उघडा. कॅसलिंगच न केलेल्या राजाविरुद्ध ई६ किंवा डी५ वरची बलिदानं हा स्वतंत्र मोठा विषय आहे, तिथे मधल्या पट्ट्या उघडतात की नाही यावर सगळं अवलंबून.

आता सरावाचं. मी वर्गात कोडी देतो ती जोड्यांनी. एच७ च्या बलिदानाची स्थिती आणि शेजारच्या पटावर तीच स्थिती, फक्त एक गोष्ट बदललेली, जसं मघाशी ई५ चं प्यादं काढलं तसं. मुलांनी "दे" किंवा "देऊ नको" एवढंच सांगायचं आणि कारण एका ओळीत लिहायचं. "देऊ नको" हे उत्तर बरोबर असू शकतं एवढं कळलं, की मुलांचं बघणंच बदलतं. मोबाइलवर अशा जोड्या सहसा मिळत नाहीत, पण तुम्ही स्वतः तयार करू शकता: सुटलेलं कोडं घ्या, बचावाचा एक मोहरा एक घर हलवा, आणि आता चालतं का ते बघा. तयार करतानाच तुम्ही निम्मं शिकता.

दुसरं, कधीतरी बचावाच्या बाजूने बसा. मित्राला हल्ला करू द्या, मोहरा घ्या आणि टिकून दाखवा. राजाला कुठे श्वास मिळतो, कोणता मोहरा परत देऊन सुटता येतं, हे एकदा स्वतः भोगलं की हल्ला करताना तुम्ही त्याच वाटा आधी बंद करता. मोहरा परत देऊन सुटणं हा बचावाचा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि आपल्या हिशेबात तो सगळ्यात जास्त वेळा राहून जातो.

इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम, वापराच, पण आधी स्वतःच्या ओळी वहीत लिहून मग. इंजिनने शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवलं म्हणून बलिदान वाईट ठरत नाही. ते शून्य काळ्याच्या एकाच अवघड चालीवर टिकलंय की कुठल्याही चालीवर, ते बघा. पहिलं असेल तर रविवारच्या रॅपिडमध्ये तेच बलिदान बिनधास्त द्या.

तुमचा विझलेला एखादा डाव, बलिदानाच्या चालीपासून पुढचा, लिहून पाठवा. सोबत तेव्हा तुम्ही कोणत्या ओळी बघितल्या होत्या तेही लिहा, इंजिन न लावता. कुठलं घर तपासायचं राहिलं ते आपण त्यावरून शोधू.